विश्लेषण: ‘शकुंतला’सारखे वाफेचे इंजिन संगणकावर कसे चालवतात?

यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या ‘शकुंतला’चा विषय निघाला की चर्चा ब्रॉडगेज कधी होणार, यावर येऊन थांबते. ही गाडी सात दशके ओढणारे वाफेचे इंजिन नेमके चालवायचे कसे, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. ते काम हाताने केलेली माणसे आता उतारवयाकडे झुकली आहेत. तिकडे ब्रिटनमधली अशीच छोटी इंजिने जगभरातले हौशी लोक घरबसल्या संगणकावर चालवत आहेत. हा ‘ट्रेन सिम्युलेटर’ काय प्रकार आहे आणि यवतमाळकरांना त्याचा काय उपयोग, याविषयी...

‘शकुंतला’चे इंजिन कोणते होते?

विदर्भातला कापूस बंदरापर्यंत आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावा, यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा नॅरोगेज मार्ग टाकण्यात आला. रुळांमधले अंतर फक्त २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर असते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि तिथून पुढे अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर. मार्गाची मालकी किलिक-निक्सनशी संबंधित सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ती खासगीच राहिली.

या मार्गावरचे ‘झेडडी’ जातीचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरमध्ये तयार झाले आणि १९२३ मध्ये सेवेत आले. इथला कापूस ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी ओळखला जाई, त्याच शहरातून हे इंजिन आले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे काय?

रेल्वेचे इंजिन चालवण्याचा अनुभव देणारी संगणक प्रणाली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ट्रेन सिम्युलेटर’ आणले, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ‘ट्रेन्झ’ आले. पुढे ब्रिटनमध्ये ‘रेलवर्क्स’ आले. तेच आज ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ नावाने ओळखले जाते. ‘ओपन रेल्स’ ही प्रणाली तर मोफत मिळते. यात शत्रूला मारायचे नसते की शर्यत जिंकायची नसते. गाडी वेळेत, सुरक्षित आणि धक्के न देता पुढच्या स्थानकात न्यायची, एवढेच काम.

लहान ब्रिटिश इंजिनांना एवढी मागणी का?

ब्रिटनमध्ये शाखामार्गांवर आणि यार्डात ‘टँक इंजिने’ राबत. त्यांना कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नसतो. दोन्ही इंजिनाच्या अंगावरच वाहिले जाते. १८७२ पासून बनलेली ‘टेरियर’ इंजिने केवळ ५० होती. प्रत्येकाचे वजन सुमारे २८ टन, पाणी मावायचे ५०० गॅलन, म्हणजे सुमारे २,२७० लिटर. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ‘५७००’ जातीची मात्र १९२९ ते १९५० या काळात तब्बल ८६३ इंजिने तयार झाली. त्यात १,२०० गॅलन पाणी मावे.

साठा कमी म्हणजे चुकीला वाव कमी. मोठ्या इंजिनात थोडे पाणी वाया गेले तरी निभावते. छोट्या इंजिनात पुढच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचू की नाही, हा प्रश्न सतत डोक्यात असतो. खरी मजा तिथेच आहे.

डिझेलपेक्षा हे वेगळे कसे?

डिझेल इंजिनात ताकद मागितली की मिळते. वाफेच्या इंजिनात ती आधी तयार करून ठेवावी लागते. आत्ता भट्टीत टाकलेल्या कोळशाचा उपयोग काही मिनिटांनी होतो. पुढे चढ असेल तर तयारी चढ येण्याआधी सुरू करावी लागते.

ड्रायव्हरच्या हाताशी मुख्य दोन दांडे असतात. ‘रेग्युलेटर’ ओढला की बॉयलरमधली वाफ सिलिंडरकडे जाते. ‘रिव्हर्सर’मुळे गाडी पुढे किंवा मागे जाते, शिवाय पिस्टनच्या प्रत्येक फेरीत वाफ किती वेळ आत सोडायची, हेही ठरते. निघताना फेरीच्या सुमारे ७५ टक्के भागात वाफ सोडतात. वेग आल्यावर हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आणले तरी चालते, कारण आत कोंडलेली वाफ प्रसरण पावत पिस्टन ढकलत राहते. हा दांडा मागे घ्यायला विसरले, तर इंजिन फुसफुसत कोळसा आणि पाणी दोन्ही खाते.

फायरमनचे काम किती महत्त्वाचे?

नवशिक्यांसाठी बहुतेक प्रणालींमध्ये ‘आपोआप फायरमन’ची सोय असते. ती बंद केली की खरी परीक्षा सुरू होते. कोळसा एकदम ओतायचा नाही, थोडा थोडा आणि वारंवार टाकायचा. भट्टीचे दार जास्त वेळ उघडे ठेवले तर थंड हवा आत जाऊन दाब उतरतो.

बॉयलरमध्ये पाणी ‘इंजेक्टर’ने भरतात. हे पाणी उकळत्या पाण्यापेक्षा खूप थंड असते, त्यामुळे ते भरताच दाब खाली येतो. म्हणून अवघड चढावर पाणी भरण्याची वेळ येऊ न देणारा फायरमन हुशार समजला जाई. उतारावर किंवा स्थानकात, दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ वाया जाण्याच्या बेतात असताना पाणी भरायचे, हा त्यातला हिशेब.

नवखे लोक कुठे चुकतात?

पहिली चूक निघतानाच होते. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी साचलेले असते. सिलिंडरचे निचरा कॉक उघडून ते काढले नाही, तर पिस्टन त्यावर आदळून सिलिंडर फुटू शकतो. पाणी दाबले जात नाही, हे त्यामागचे साधे कारण. दुसरी चूक रेग्युलेटर एकदम ओढण्याची. इंजिन हलके, रूळ ओला, मग चाके जागीच फिरतात.

तिसरी चूक खऱ्या इंजिनात जिवावर बेतणारी. धुराड्यातून जाणारी वाफ भट्टीतली हवा ओढत असते. रेग्युलेटर बंद केला की ही ओढ थांबते आणि ज्वाळा उलट्या कॅबमध्ये येऊ शकतात. म्हणून आधी ‘ब्लोअर’ सुरू करायचा, मग रेग्युलेटर बंद करायचा. तसेच भट्टीच्या छतावर पाणी कायम असलेच पाहिजे. ते उघडे पडले तर आधी शिशाचा प्लग वितळून इशारा देतो. त्याकडे दुर्लक्ष झाले तर बॉयलरचा स्फोट होऊ शकतो. संगणकावर अशा चुकीची किंमत फक्त फेरी पुन्हा सुरू करण्याएवढी असते.

मोबाइलवर हे जमते का?

मोबाइलवर रेल्वेचे खेळ भरपूर आहेत. हायब्रो इंटरॅक्टिव्हचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ त्यातला एक. पण त्यात भर विजेच्या आणि डिझेल इंजिनांवर आहे. पाण्याची पातळी, भट्टी, इंजेक्टर असा सगळा हिशेब करायचा असेल तर संगणक लागतो. सुरुवात ‘ओपन रेल्स’पासून करता येते. आधी फायरमनचे काम संगणकावर सोपवून केवळ दोन दांडे आणि ब्रेक शिकावेत. मग पाणी आणि सर्वांत शेवटी भट्टी.

यवतमाळचा मार्ग संगणकावर उभारता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या हो. ‘ट्रेन्झ’ आणि ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’मध्ये स्वतःचा मार्ग तयार करण्याची साधने आहेत. जमिनीच्या उंच-सखलपणाची माहिती उपग्रहाच्या नोंदींवरून घेता येते. यवतमाळ पठारावर आणि मूर्तिजापूर खाली सपाटीवर, त्यामुळे यवतमाळकडे येताना एकूण चढच. दारव्हा, कारंजा ही स्थानके, पूल आणि वळणे छायाचित्रांवरून बसवता येतील. इंजिनांच्या अंगकाठीचा अभ्यास करण्यासाठी नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जवळच आहे.

नकाशात न सापडणारी माहिती मात्र माणसांकडेच आहे. कोणत्या चढाआधी भट्टी भरायची, पाणी कुठे घ्यायचे, पावसाळ्यात चाके कुठे घसरायची, कोणत्या वळणावर शिट्टी द्यायची, हे इंजिनावर काम केलेल्यांनाच सांगता येईल. १९९४ मध्ये पंचविशीत असलेल्या फायरमननेही आता पन्नाशी ओलांडली आहे. त्याला शिकवणारे ड्रायव्हर तर त्याहून कितीतरी थोरले.

मग पुढे काय?

जिल्ह्यात नवी रेल्वे येत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. नॅरोगेजच्या जागी उद्या ब्रॉडगेज आला, तर तो हवाच आहे. स्वस्तात दारव्हा-कारंजा गाठणाऱ्या प्रवाशाला संगणकावरची गाडी कुठेच नेणार नाही.

पण रूळ पुन्हा टाकता येतात, हातातले कसब तसे परत आणता येत नाही. इथले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, इतिहासाचे शिक्षक आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी एकत्र बसले तर ते नोंदवून ठेवता येईल. त्यासाठी पहिल्या दिवशी संगणकही लागत नाही. मोबाइलवर आवाज मुद्रित करण्याची सोय असतेच. घरात, शेजारी कुणी इंजिनावर काम केलेले आजोबा किंवा काका असतील, तर ‘यवतमाळहून गाडी काढताना आधी काय करायचात?’ एवढा एक प्रश्न सुरुवातीला पुरेसा आहे.