त्याच्या बायकोस ठाऊक नव्हतें काय?

खून, दरोडा किंवा हेरगिरी यांवरचा बोलपट पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो. एवढें कृष्णकृत्य करणारा मनुष्य ज्या घरांत जेवतो, निजतो, त्या घरांतील त्याच्या बायकोस कांहींच कसें कळलें नाहीं? घरांतील पुरुष बहुधा म्हणतात, ‘नसेल कळलें.’ बायका मात्र एकमेकींकडे पाहून हंसतात. आमचें मत बायकांच्या बाजूचें आहे. पण ते हंसणें जितकें सोपें आहे तितका प्रश्न सोपा नाहीं.

याचें उत्तम उदाहरण म्हणून १९४६ सालचा ऑर्सन वेल्स यांचा ‘द स्ट्रेंजर’ हा अमेरिकन बोलपट घ्यावा. फ्रान्झ किंडलर नांवाचा नाझी अधिकारी युद्धानंतर अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत एका लहानशा गांवीं चार्ल्स रँकिन या नांवानें राहतो व मुलांच्या शाळेंत शिकवितो. (म्हणजे व्यवसायानें तो आमचाच बंधु! चित्रपटवाल्यांना दुष्टास लपविण्यास शाळेहून अधिक निर्धोक जागा सांपडूं नये, याचें आम्हांस वैषम्यही वाटतें आणि थोडा अभिमानही.) गांवांतील एका न्यायमूर्तींची कन्या मेरी हिच्याशीं त्याचा विवाह होतो. लग्नाच्याच दिवशीं माइनिके नांवाचा त्याचा जुना सहकारी त्याला शोधीत घरीं येतो, मेरीशीं दोन शब्द बोलतो व जातो. किंडलर त्याला रानांत गांठून गळा दाबून ठार करितो आणि तेथेंच पुरतो.

येथपर्यंत मेरी खरोखरच अजाण आहे. ती नववधू; नवऱ्याचा पूर्वेतिहास तिनें त्याच्याच तोंडून ऐकलेला. पण पुढें पाहा. तिचा लाडका कुत्रा रानांत त्याच जागीं माती उकरूं लागतो व थोड्याच काळांत मरतो. नवरा सांगतो, तो पाहुणा आला होता हें कोणास बोलूं नकोस. प्रेत सांपडल्यावर तो खुनाची कबुलीही देतो. फक्त कारण बनावट सांगतो, कीं तो मनुष्य जुन्या प्रकरणावरून पैशासाठीं छळीत होता. मेरी तें मानते, आणि विचारणा झाली असतां त्या मनुष्यास आपण पाहिलेंच नाहीं असें सांगते. युद्धगुन्हेगारांच्या शोधावर असलेला विल्सन हा अधिकारी तिला छळछावण्यांची चित्रफीत दाखवितो. ती चित्रफीत बनविलेली नव्हे, खरी आहे. तरी ती म्हणते, माझा नवरा तो नव्हे.

आतां वाचकांनींच सांगावें, हिला ठाऊक होतें कीं नव्हतें? संस्कृतांत अज्ञान आणि मोह असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नव्हेत. अज्ञानास पुरावा दाखवावा कीं तें जातें. मोहास पुरावा दाखविला तर तो अधिकच घट्ट होतो. मेरीचे डोळे उघडतात ते त्या चित्रफितीनें नव्हे. नवऱ्यानें आपल्यालाच मारण्यासाठीं घंटाघराच्या शिडीची पायरी करवतून ठेविली होती, आणि आपल्या जागीं आपला भाऊ तेथें गेला, हें कळतें तेव्हां ते उघडतात. लक्षावधि परक्यांचें मरण तिला पटलें नाहीं. भावाचें टळलेलें मरण एका क्षणांत पटलें. कथाकारांचा हा दोष आहे असें कांहीं म्हणतील. आम्हांस ती त्यांची पारख वाटते.

आमच्याकडील कायद्यानेंही या कोड्याचा विचार केला आहे. नवराबायकोंनीं एकमेकांस विश्वासानें सांगितलेलें न्यायालयांत उघड करवूं नये, हें तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें व त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतही राखलें आहे. उभयतांमधील खटले तेवढे वगळले आहेत. परंतु १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें उत्तर प्रदेशांतील एक खुनाचा खटला आला. आरोपीच्या बायकोनें सांगितलें कीं, पहांटे अंधार असतांना नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठडींत शिरला, बाहेर येऊन त्यानें स्नान केलें व तेंच धोतर पुन्हां नेसला. दागिन्यांविषयीं तो तिच्याशीं काय बोलला, हेंही तिनें सांगितलें. न्यायालयानें ठरविलें कीं बोललेलें वगळावें, पण डोळ्यांनीं पाहिलेलें ग्राह्य आहे. आम्हांस हा निवाडा संसाराच्या दृष्टीनेंही मोठा मार्मिक वाटतो. पहांटेचें तें अवेळीं स्नान! कोणत्या गृहिणीच्या ध्यानांत तें येणार नाहीं? धोतर कोणतें वाळत घातलें, भुशाची कडी कोणीं काढली, हें ती न पाहतांही पाहते.

आमच्या घरोघर सांगितली जाणारी वाल्या कोळ्याची कथा आठवावी. पापाचा वांटा घेतां काय, असें विचारल्यावर बायकामुलें नाहीं म्हणतात, एवढेंच आपण मुलांना सांगतों. पण माणूस मारला कीं एक खडा, असे सात रांजण भरले म्हणतात. ते काय कोणाच्या डोळ्यांआड भरले? त्या बायकोनें ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हटलेलें नाहीं. आम्हांस पोसणें तुझें काम, एवढेंच ती म्हणाली. पगाराच्या आंकड्यांत न बसणारे दागिने कपाटांत ठेवितांना आजही कित्येक सुशिक्षित घरांत हेंच उत्तर मनांतल्या मनांत दिलें जात असेल.

याच्याही पलीकडे एक पायरी आहे. हिचकॉक यांचा १९४१ चा ‘सस्पिशन’ ज्या १९३२ च्या इंग्रजी कादंबरीवरून घेतला, तींतील पत्नी नवरा आपल्यास विष देणार हें ओळखूनही तें पिते. बोलपटांत मात्र नवरा निर्दोष ठरविला आहे. दुधाचा पेला घेऊन तो जिना चढतो, आणि दूध उजळून दिसावें म्हणून पेल्यांत दिवा ठेविला होता; युक्ति सुंदर, पण शेवट गुळमुळीत.

आणि आपल्या जवळचा ‘दृश्यम्’ घ्या. मूळ मल्याळी २०१३ चा; हिंदी २०१५ चा, गोव्यांत घडणारा व निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाचा. येथें बायकोस सर्व ठाऊक आहे, कारण प्रेत पुरण्यास तिचेच हात लागले आहेत. नवरा तें प्रेत उकरून दुसरीकडे नेतो आणि कोठें नेलें तें तिला सांगत नाहीं. पोलिसांनीं मारलें तरी तिच्या तोंडून निघूं नये, म्हणून हें अज्ञान त्यानें तिला मुद्दाम दिलेलें असतें. त्या घरांत यापुढें कोणत्याही रात्रीं ती जागी असेल, तेव्हां तिला एकच गोष्ट ठाऊक नसेल, आणि ती आठवत राहील.