वर्डच्या फाइलमधला शब्द स्क्रीन न बघता कसा शोधतात? मराठीत अडचण नेमकी कुठे येते?

समजा, गंगाखेडचा एक दृष्टिहीन विद्यार्थी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मित्राने व्हॉट्सॲपवर ८० पानांच्या नोट्सची वर्ड फाइल पाठवली. त्याला त्यातला फक्त गोदावरीचा भाग हवाय. डोळस माणूस भराभर स्क्रोल करून तो गाठतो. याला मात्र पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागेल, नाहीतर थेट शब्द शोधावा लागेल.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यातलं एनव्हीडीए मोफत मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने ते २००६ मध्ये सुरू केलं. ते मराठीही वाचतं, आवाज थोडा यंत्रासारखा वाटतो एवढंच.

शोधायची पद्धत सोपी आहे. कंट्रोल आणि एफ दाबा, ‘गोदावरी’ टाइप करा, एंटर द्या आणि मग एस्केप दाबा. हे एस्केप अनेक जण विसरतात आणि शोधाच्या चौकटीतच अडकून पडतात. एस्केपनंतर कर्सर सापडलेल्या शब्दावर येतो. डेस्कटॉप मांडणीत इन्सर्टसोबत वरचा बाण दाबला की ती पूर्ण ओळ ऐकू येते. पुढच्या ‘गोदावरी’साठी कंट्रोल आणि पेज डाउन, मागच्यासाठी कंट्रोल आणि पेज अप.

शब्द देताना मराठीचं व्याकरण लक्षात ठेवा. ‘गोदावरी’ शोधलं की ‘गोदावरीच्या’ही सापडतं, पण ‘शाळा’ शोधून ‘शाळेत’ मिळणार नाही. सातबारा तर कुणी अक्षरात लिहितं, कुणी इंग्रजी अंकात, कुणी देवनागरी अंकात. तिन्ही करून बघा.

एवढं करूनही काहीच सापडलं नाही तर?

बहुतेकदा दोष फॉन्टचा असतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये मुळात मराठी अक्षरं नसतातच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचं रूप देतो. डोळ्यांना ‘गोदावरी’ दिसते, पण स्क्रीन रीडर आतली चिन्हं वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर निव्वळ गोंधळ पडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला ‘गोदावरी’ शब्द अशा फाइलमध्ये सापडणार कसा? सुंदर छापून येणारी फाइल अशी कानाला मुकी असते.

ही अडचण किरकोळ नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण दिलंय, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील स्क्रीन रीडरच्या मदतीने अभ्यास करून २०१७ मध्ये लागलेल्या यूपीएससी परीक्षेच्या निकालात देशात १२४ व्या आल्या. पण त्यासाठी अभ्यासाचं साहित्य वाचता येण्याजोगं हवं, आणि मराठीत घोडं तिथेच अडतं.

म्हणून नोट्स पाठवणाऱ्यांनी एक चाचणी करावी, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट एरियल करा. मराठी तशीच राहिली तर फाइल युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसला तर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये बदला, जोडाक्षरं एकदा तपासा आणि मगच पाठवा. प्रकरणांची नावं नुसती ठळक करू नका, वर्डमधली ‘हेडिंग’ स्टाइल द्या. मग इन्सर्ट आणि स्पेस दाबून ब्राउझ मोड सुरू केला की एच या एकाच बटणाने पुढच्या प्रकरणावर उडी मारता येते. वहीच्या पानांचे फोटो वर्डमध्ये चिकटवले असतील तर मात्र यातलं काहीच चालणार नाही, तो मजकूर टाइपच करावा लागेल.