रंग सुटतो, विष उरतं

फाल्गुनात गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या जंगलात पळस फुलतो. त्या फुलांचा रंग पाण्यात सहज उतरतो, पण सुती कापडावर टिकवायचा तर तुरटी लागते. १८८४ मध्ये पॉल ब्योटिगर या जर्मन रसायनतज्ज्ञाने ही कटकटच संपवली. त्याचा ‘काँगो रेड’ तुरटीशिवाय थेट सुतावर चढायचा. तो बनायचा बेन्झिडीनपासून. पुढे काळे, तपकिरी, हिरवे असे कितीतरी स्वस्त रंग याच रसायनातून निघाले आणि जगभर विकले गेले.

त्याची किंमत कामगारांनी मोजली. रंग-कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवलं होतं. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालाने थेट बेन्झिडीनकडे बोट दाखवलं. तरी ब्रिटनला बंदी घालायला १९६७ उजाडलं. युरोप-अमेरिकेत कारखाने बंद होत गेले, पण मागणी संपली नाही. उत्पादन भारतासारख्या देशांकडे सरकलं. विष थांबलं नाही, त्याने फक्त देश बदलला, असंच मला म्हणावंसं वाटतं.

तयार रंग तरी निर्धोक असेल, असा समज बराच काळ होता. या रंगांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी दुवा बनून बसलेली असते. तिला अ‍ॅझो बंध म्हणतात. रंगाची भुकटी नाकातोंडातून शरीरात गेली, की आतड्यातले जिवाणू आणि यकृतातली विकरं हा बंध तोडतात आणि बेन्झिडीन पुन्हा मोकळं होतं. यकृतात त्याचं रूप बदलतं, ते लघवीवाटे मूत्राशयात येतं आणि तिथल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सहभागाने झालेल्या, १९९६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फक्त तयार रंग हाताळणाऱ्यांच्या लघवीतही बेन्झिडीन सापडलं.

कागदावर आपण मागे नव्हतो. १९९३ पासून भारतात ४२ बेन्झिडीन-रंगांवर बंदी आली. जर्मनीने १९९४ मध्ये अशा अ‍ॅझो रंगांच्या कापडाला दार बंद केलं आणि १९९७ मध्ये आपण आणखी ७० रंग यादीत घातले. युरोपीय संघाचा नियम २००२ चा: कापडात बेन्झिडीनसारखं घातक अमाइन किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. त्यासाठीची चाचणी मोठी सुंदर आहे. कापडाचा तुकडा ७० अंश सेल्सिअसच्या द्रावणात ठेवून त्यात सोडियम डायथायोनाइट घालतात, म्हणजे रंगारी रोज वापरतात तेच ‘हायड्रोस’. आतड्यातले जिवाणू जे काम करतात, तेच हायड्रोस काचेच्या भांड्यात करतं, आणि सुटलेलं अमाइन यंत्रावर मोजता येतं.

सोलापूरचा टॉवेल युरोपला जायचा तर त्याला या चाचणीचं प्रमाणपत्र लागतं. मुलचेरा भागातल्या आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या साडीला ते कुणी मागत नाही, आणि रंगाचा डबा फोडणाऱ्या माणसाची लघवी तपासण्याचा आग्रहही कुठला परदेशी ग्राहक धरत नाही. हे मला पटत नाही. कायदा आपला आहे, तर तपासणीही आपल्या माणसांसाठी व्हायला हवी. मूत्राशयाचा हा कर्करोग दिसायला अनेकदा वीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर कामगार काम सोडून गावी परतलेला असतो. म्हणून लघवीतून रक्त जात असल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला गावातल्या डॉक्टरांनी एवढं जरूर विचारावं: आधी कुठल्या कारखान्यात होता, आणि तिथे काय हाताळत होता?