टोगोचं कणीस, नगरची भाकरी

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस पाथर्डीकडं आत्याच्या घरी गेलं की ओटीवर पाऊल टाकताच नव्या बाजरीचा वास येतो. पोती भिंतीला लागलेली असतात, अंगणात सरमाडाच्या पेंढ्या रचलेल्या असतात. आत्या दळण आठवड्यापुरतंच करते. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असतो, त्यामुळं आठ-दहा दिवसांत ते कडू होतं. परातीत पीठ घ्यायचं, कोमट पाणी घालून तळव्याच्या टाचेनं रेटून मळायचं. मग गोळा उचलून दोन हातांत गोल करायचा आणि परातीतच थापायला घ्यायचा. कडा चिरली की आत्या स्वतःशीच म्हणते, "पीठ जुनं झालं." तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग थेट चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी केली की भाकरी टम्म फुगते. पापुद्रा सोडवून आत लोण्याचा गोळा.

अशा एका मोठ्या भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ लागतं. त्यात लोह किती असेल? साध्या बाजरीत किलोमागं साधारण ४७ मिलिग्रॅम धरलं, तर या भाकरीत पावणेपाच मिलिग्रॅम. पण बी 'धनशक्ती' या जास्त लोहाच्या वाणाचं असेल तर सात मिलिग्रॅमच्या वर. दोन्ही भाकऱ्या शेजारी ठेवल्या तर ना रंगावरून ओळखू येतील, ना चवीवरून. या लेखाचा सगळा विषय त्या न दिसणाऱ्या जवळजवळ अडीच मिलिग्रॅमचा आहे.

फरक किरकोळ वाटेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला. पाच वर्षांखालच्या पोरांमध्ये तर जवळजवळ ६९ टक्के. सगळाच पंडुरोग लोहाच्या कमतरतेमुळं होतो असं नाही. जंत, मलेरिया, ब-१२ ची कमतरता, सिकलसेल अशी इतर कारणंही आहेत. तरी लोहाचा वाटा मोठा आहे. जस्ताची कमतरता याहून लबाड. तिला डोळ्यांत भरेल असं लक्षण नाही. पोर वाढत नाही, वरचेवर जुलाब होतात, जखम लवकर भरत नाही, आणि घरचे म्हणतात, "आमच्यात सगळेच बारीक अंगाचे."

उपाय सरकारकडं आहेतच. शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, गरोदर बाईला लाल. गोळी घेतली की मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून ती फडताळातल्या डब्यात साठत जाते. असे डबे मी स्वतः पाहिलेत. दुसरा उपाय म्हणजे रेशनचा पोषणयुक्त तांदूळ. लोह घालून कारखान्यात घडवलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. पाण्यात तरंगणारे ते वेगळे दाणे बघून गावोगाव 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी आवई उठली आणि बायकांनी ते निवडून फेकले. गोळी काय, तांदूळ काय, खाणाऱ्याला काहीतरी वेगळं केल्याचं कळतं आणि तिथंच घोडं अडतं. शिवाय दोन्हींचा खर्च दरवर्षी नव्यानं करावा लागतो.

पिकाच्या दाण्यातच लोह वाढवलं तर? ही कल्पना जगभर रेटली ती हॉवर्थ बाऊस नावाच्या एका अर्थतज्ज्ञानं. फिलिपिन्समध्ये गरीब घरांचा आहार अभ्यासताना त्याच्या लक्षात आलं की पोटं भरतायत, पण जीवनसत्त्वं आणि खनिजं पोहोचत नाहीत. भाजी, दूध, मटण परवडेपर्यंत थांबण्यापेक्षा रोजच्या धान्यालाच का कामाला लावू नये, असा त्याचा सवाल होता. सुरुवातीला पैदासकारांनीही त्याला फारसं मनावर घेतलं नाही. पुढं 'हार्वेस्टप्लस' हा कार्यक्रम उभा राहिला आणि २०१६ साली बाऊसला रताळ्यावर काम करणाऱ्या तिघांसोबत जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. रवांडात लोहाचा घेवडा, आफ्रिकेत नारिंगी रताळं, भारतात आणि पाकिस्तानात जस्ताचा गहू. आपल्या वाट्याला बाजरी आली. ती कशी आली, ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

पश्चिम आफ्रिकेत टोगो आणि त्याच्या आसपासच्या मुलखात 'इनियाडी' नावाची गावरान बाजरी आहे. लवकर येणारी, आखूड जाड कणसाची, टपोऱ्या राखाडी दाण्याची. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत तिच्यातून निवड करून 'आयसीटीपी ८२०३' हा वाण तयार झाला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्रासाठी प्रसारित झाला. आपल्या शेतकऱ्यांनी तो उचलला. दाणा मोठा, बाजारात डोळ्यांत भरणारा, पावसाचा खंड पडायच्या आत पीक घरात, आणि गोसावी रोगालाही सहसा दाद न देणारा. लोहाचं नावही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. पुढं लोह शोधायच्या हेतूनं चालू वाणांचे दाणे तपासले गेले, तेव्हा शेतकऱ्यांच्या हातात असलेल्या वाणांत हाच सगळ्यात वरचढ निघाला: किलोला ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे नगर-बीडकडची कितीतरी घरं वीस वर्षं लोहाची बाजरी खात होती, आणि हे त्यांनाही ठाऊक नव्हतं अन् ती देणाऱ्यांनाही.

त्याच वाणातली सरस झाडं निवडून, त्यांचा आपसात संकर करून 'धनशक्ती' तयार झाली. लोह ७१ मिलिग्रॅम, जस्त चाळिसाच्या आसपास, उत्पन्न मूळ वाणापेक्षा दहा-अकरा टक्के जास्त. इक्रिसॅटसोबत राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यात होतं. २०१२ मध्ये ती महाराष्ट्रात आली आणि २०१४ मध्ये देशभरासाठी अधिसूचित झाली. खनिजवाढीसाठी मुद्दाम पैदास केलेला भारतातला हा पहिला वाण. यात जनुकीय अभियांत्रिकीचा काही संबंध नाही. जुन्या शेतकऱ्यानं बियाण्यासाठी चांगलं कणीस बाजूला काढावं, तीच ही रीत. फरक इतकाच की 'चांगलं' म्हणजे काय हे इथं यंत्र सांगतं.

यंत्राचीही एक गंमत आहे. मातीत लोह दाण्याच्या कैक पटींनी असतं. मातीच्या खळ्यावर मळलेली बाजरी नीट साफ न करता तपासली, तर चिकटलेली धूळच लोह म्हणून मोजली जाते आणि सामान्य वाणाला भरघोस गुण मिळतात. म्हणून प्रयोगशाळेत लोहासोबत ॲल्युमिनियमही मोजतात. मातीत ते भरपूर असतं, दाण्यात नगण्य. ॲल्युमिनियम जास्त दिसलं की समजायचं, हे लोह खळ्याचं आहे, दाण्याचं नाही. कोण्या जाहिरातीत 'आमच्या बाजरीत लोह दुप्पट' असं वाचलं की मला हटकून हे ॲल्युमिनियम आठवतं.

आता खरा प्रश्न: दाण्यात वाढलेलं लोह रक्तापर्यंत पोहोचतं का? बाजरीतल्या फायटेटनं आणि पॉलिफेनॉलनं ते बांधलेलं असतं, त्यामुळं शंभरातले पाच-दहा भागच आतड्यातून आत शिरतात. बेळगावकडं दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की जास्त लोहाच्या बाजरीतून रोजचं शोषण ०.२३ वरून ०.६७ मिलिग्रॅमवर गेलं. अंशाअंशाचा हा खेळ. पण लहान मुलाची रोजची गरजही अशीच अंशांत असते.

महाराष्ट्रातली चाचणी याहून बोलकी आहे. ग्रामीण भागातल्या शाळांतली १२ ते १६ वयाची २४६ मुलंमुली. निम्म्यांना किलोला ८६ मिलिग्रॅम लोहाच्या बाजरीची भाकरी, निम्म्यांना साध्या बाजरीची. तिच्यात २१ ते ५२ मिलिग्रॅम. सहा महिने हेच जेवण. सुरुवातीला दहातल्या चौघांच्या शरीरातला लोहाचा साठा आटलेला होता. चार महिन्यांत लोहाच्या बाजरीवाल्यांचा साठा वाढलेला दिसला. मुळात ज्यांना कमतरता होती, त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साध्या भाकरीवाल्यांपेक्षा १.६४ पट निघाली. नंतरच्या विश्लेषणात याच मुलांचं लक्ष आणि स्मरण यांतही सुधारणा दिसली.

मात्र झांजा वाजवायची घाई नको. मुंबईतल्या झोपडपट्टीत वर्ष-दीड वर्षाच्या बाळांना अशाच बाजरीचं पूरक अन्न देऊन बघितलं, तेव्हा सरसकट सगळ्या बाळांत ठळक फरक आढळला नाही. एवढ्या वयाचं मूल खातं किती, आणि मुंबईच्या वस्तीत त्याला होणारे आजार किती, हे लक्षात घेतलं की त्याचं फारसं नवल वाटत नाही. माझ्यापुरता अर्थ असा: जे रोज दोन-तीन भाकऱ्या खातात, त्यांना ही बाजरी लागू पडते. जी बाई आधीच फार अशक्त आहे, तिनं भाकरी खाऊन बरं व्हायची वाट बघू नये. तिला गोळी हवी, दवाखाना हवा. अशक्तपणा येऊच नये यासाठीची ही तजवीज आहे. भाकरीसोबत लिंबाची फोड असली तर लोह जास्त मुरतं आणि लगोलग चहा घेतला तर अडतं. आपल्याकडं जेवण झालं की चहाचं आधण ठेवतात, त्याला कोण काय करणार!

शेतातली अडचण वेगळीच आहे. धनशक्ती हा सरळ वाण, म्हणून घरचं बी राखून पुढच्या जूनला पेरता येतं. पण बाजरीच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर पडतं, परागकोष मागाहून. त्या दोन-तीन दिवसांत वाऱ्यावरून येईल तो पराग ती घेते. बांधापलीकडं कुणी दुसरं संकरित बी पेरलेलं असलं, तर तुमच्या कणसात त्याचं रक्त येतं. आत्यानं तीन वर्षं एकच बी फिरवलं. तिसऱ्या वर्षी कणसं तीन तऱ्हेची निघाली, एक आखूड, एक लांब, एकावर कूस. त्यात लोह किती उरलं होतं, देव जाणे. ती म्हणाली, "भाकरी होतीये ना, मग झालं."

शिवाय शेतकऱ्याला आधी क्विंटल हवेत. खाजगी कंपन्यांची संकरित बाजरी एकरी जास्त उतरते, म्हणून लोहाची बाजरीही संकरित रूपात आणणं भाग होतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'एएचबी १२००' आणि 'एएचबी १२६९' आले, धुळ्याच्या संशोधन केंद्रातून 'फुले महाशक्ती' आली. किलोमागं ७३, ९१ आणि ८७ मिलिग्रॅम लोह, अनुक्रमे. ज्वारीत 'परभणी शक्ती' आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा 'एमएसीएस ४०२८' हा बन्सी गहू लोह आणि जस्त दोन्ही जास्त देतो, तोही थोड्या पाण्यावर. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रानं तर 'सोलापूर लाल' डाळिंबही काढलं. पण ते ज्याला परवडतं, त्याच्या घरी लोहाची एवढी वानवा नसते.

या सगळ्यापेक्षा शहाणपणाची गोष्ट २०१८ मध्ये झाली, आणि तिची बातमी फारशी कुठं छापून आली नाही. अखिल भारतीय समन्वित बाजरी प्रकल्पानं नियम केला की यापुढं बाजरीचा नवा वाण प्रसारित व्हायचा तर दाण्यात किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त हवंच. कुठल्याही पिकासाठी असा नियम जगात पहिल्यांदाच झाला. ही पातळी धनशक्तीच्या खूप खाली आहे हे खरं, पण तिच्यामुळं शेतकऱ्यानं वाण निवडला काय, न निवडला काय, खनिजांचा तळ निश्चित झाला.

अडतं ते बाजारात. आडतीवर सगळी बाजरी एकाच ढिगात पडते. २०२५-२६ च्या खरिपासाठी हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये होता. लोह ४२ असो की ९१, तोच. दाणा टपोरा आहे की नाही हे व्यापारी मुठीत घेऊन बघतो, लोह मुठीत कळत नाही. जे कळत नाही त्याला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून वेगळं पोतं भरायच्या भानगडीत कुणी पडत नाही. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, बाजरीला 'श्रीअन्न' म्हटलं गेलं, शहरात बाजरीची बिस्किटं आली. त्यात कुठल्या वाणाची बाजरी आहे, हे पाकिटावर वाचल्याचं मला आठवत नाही. दरम्यान रेशनच्या गव्हा-तांदळानं पाथर्डीतल्या ताटातली बाजरीच निम्मी केली. आत्याच्या नातवंडांना पोळी हवी असते.

म्हणून वेगळा ढीग करायचा तर सुरुवात मोठ्या गिऱ्हाइकापासून व्हायला हवी: शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी, आश्रमशाळा, रेशन दुकान. बाजरीच्या पट्ट्यातल्या जिल्ह्यांत सरकारनं नाव घेऊन लोहाची बाजरी मागितली, तर आडत्या दुसऱ्या दिवशी वेगळं पोतं लावील.

आणि आपण? पौष महिन्यात भोगी येईल. तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी करायला शहरातही लोक बाजरी विकत आणतात. त्या दिवशी दुकानदाराला एवढंच विचारा, "बाजरी कुठल्या वाणाची आहे?" त्याला सांगता येणार नाही. तरी विचारा. आणि शेती असेल तर जूनमध्ये बी घेताना पिशवीवर धनशक्ती, फुले महाशक्ती किंवा एएचबी १२०० ही नावं शोधा. सरळ वाण घेतला तर दर दोन वर्षांनी बी बदला. मी आत्यासाठी या वर्षी नवी पिशवी नेऊन ठेवली आहे.