मृगाआधीची शाकारणी

वैशाखाचा उत्तरार्ध लागला, की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या कौलारू घरांच्या पाखांवर माणसे चढलेली दिसू लागतात. आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस जेथे कोसळतो, तेथे मृग नक्षत्र निघण्यापूर्वी घर शाकारून घेणे हे ऐच्छिक कार्य न मानता वर्षाच्या हिशेबातले एक अपरिहार्य कलम मानले जाते. नळीची कौले खिळ्यावाचून, केवळ स्वतःच्या भारावर, खालची उताणी आणि वरची पालथी अशी एकमेकांवर विसंबून असतात. त्यामुळे वानरांच्या एका उडीने, मांजरांच्या भांडणाने किंवा वळवाच्या वावटळीने ती जागची सरकतात आणि त्यांच्या पन्हळींत साचलेला पालापाचोळा पाण्याला भलत्याच वाटेने आत लोटतो. म्हणून ती सारी उतरवायची, फुटकी निराळी काढायची, उरलेली झाडून-पुसून आढ्यापर्यंत पुन्हा रचायची, अशी ही पद्धत आहे.

परंतु शाकारणीचे खरे महत्त्व कौलांत नाही, असे माझे मत आहे. कौले उतरली म्हणजे रिपा, वासे आणि आढे वर्षातून एकदा उघड्यावर येतात, त्यांच्यावर हातोडी वाजवून पाहता येते, आणि ज्या वाशाचा नाद पोकळ येतो त्यात वाळवीने बिऱ्हाड केले आहे हे छप्पर खचण्याच्या कितीतरी आधी कळते. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे खाचांत खाच अडकणारी मंगलोरी कौले कोकणभर पसरली, तेव्हा घरमालकाचे श्रम निःसंशय कमी झाले; मात्र फुटले तेवढेच कौल बदलण्याची सोय होताच संपूर्ण छपराची वार्षिक तपासणीही हळूहळू बंद पडली, आणि हा सौदा सर्वस्वी नफ्याचा होता असे मला वाटत नाही.

वास्तूची निगा हा कारभाराचाच भाग आहे, ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांच्या बंदोबस्ताचे जे प्रकरण आहे, त्यात तोफा-दारूगोळ्याच्या बरोबरीने तटावर आणि इमारतींवर उगवणारी झाडे वरचेवर कापून काढण्याची आज्ञा आहे. ज्याने घराच्या भिंतीत पिंपळ पाहिला आहे, त्याला या आज्ञेचे मर्म सांगावे लागत नाही. पाखराच्या विष्ठेतून आलेले बी भेगेत रुजते, मूळ ओलाव्याच्या शोधात आत शिरते आणि जाड होत होत दगडाला दगडापासून विलग करते. वरचा कोंब खुडून समाधान मानणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात तोच पिंपळ दुप्पट जोमाने भेटतो, म्हणून भेग उकरून मूळ काढणे आणि मग ती बुजवणे एवढाच इलाज आहे. आज्ञापत्राच्याही आधी, चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांकडून गेलेल्या प्रसिद्ध पत्रात, रात्री दिवा जळत ठेवून झोपू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळून जातील, अशी ताकीद आहे. आज वातीची जागा विजेच्या तारेने घेतली आहे, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून ती तार गेलेली असेल तर हात लावताच झिणझिण्या देणाऱ्या बटणाकडे काणाडोळा करणे प्राणावर बेतू शकते. सूक्ष्म गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र मुख्य फळीवर बसवून घेण्याची तजवीज त्यासाठीच करावी.

शहरातल्या सिमेंटच्या घराला शाकारणी नाही, आणि तेथेच त्याचे दुखणे आहे. काँक्रीटच्या क्षारधर्मामुळे आतली सळई सुरक्षित राहते. परंतु हवेतील कर्बवायूने तो गुण वर्षानुवर्षे क्षीण होत जातो, गच्चीवरच्या बारीक भेगांतून पाणी झिरपते, समुद्रकाठी त्याला खाऱ्या वाऱ्याची साथ मिळते, आणि सळई गंजू लागली की मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापणारा तो गंज आतूनच काँक्रीट फोडतो. छताला पडलेली सरळ, लांबट भेग किंवा तांबूस डाग ही त्याची चिन्हे होत. त्यांवर गिलावा आणि रंग चढवणारे लोक, दिवाळी साजरी झाली म्हणून खूश असतात!

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचा विचार झालेला आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी, असे त्यांत म्हटले आहे, आणि दुरुस्ती निधी व निक्षेप निधी यांची तरतूदही आहे. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावरचा सभासद गळतीची तक्रार करतो आणि खालचे सभासद, आपल्याकडे तर कोरडे आहे, म्हणून वर्गणीस हरकत घेतात. वास्तविक पावसाच्या पाण्याने होणारी गच्चीची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचेच काम आहे. स्वतःच्या न्हाणीघरातून होणारी गळती मात्र ज्याची त्याने निस्तरावयाची. तेव्हा अर्ज द्यायचा तो हिवाळ्यातच द्यावा, म्हणजे सभा, दरपत्रके आणि ठराव यांत जाणारे महिने जाऊनही काम उन्हाळ्यात हाती येते. श्रावणात मंजुरी मिळाली तरी ओल्या गच्चीवर जलरोधक थर धरत नाही.