अकोला–मुंबई हवाई अंतर

अकोला–मुंबई हवाई अंतर म्हणजे वऱ्हाडातील अकोला व राज्याची राजधानी मुंबई या दोन शहरांमधील भूपृष्ठावरचे सर्वांत कमी अंतर होय. दोन्ही ठिकाणचे विमानतळ आधार धरल्यास ते सुमारे ४७५ किमी भरते. अकोल्याजवळ शिवणी येथे विमानतळ असला, तरी तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही (२०२५). त्यामुळे हे अंतर व प्रत्यक्ष प्रवासकाळ यांत मोठी तफावत आढळते.

अंतराची मोजणी

शिवणी विमानतळ सुमारे २०.७° उत्तर अक्षांश व ७७.१° पूर्व रेखांशावर, तर मुंबई विमानतळ सुमारे १९.१° उत्तर व ७२.९° पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक १.६° असून एका अंशाचे सुमारे १११ किमी धरल्यास दक्षिणोत्तर अंतर १७८ किमी येते. रेखांशांतील फरक ४.२° आहे. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत असल्याने या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.५ किमी असतो. म्हणून पूर्व–पश्चिम अंतर ४३९ किमी होते. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ४७५ किमी येतो. अधिक लांबच्या शहरांसाठी मात्र पृथ्वीची वक्रता लक्षात घेऊन बृहद्‌वृत्तावरील अंतर काढावे लागते.

लोहमार्गाशी तुलना

मुंबई ते अकोला लोहमार्ग सुमारे ५८३ किमी, म्हणजे हवाई अंतरापेक्षा शंभरावर किमी अधिक आहे. तो कसारा घाट चढून नाशिक, मनमाडमार्गे तापीच्या खोऱ्यातील भुसावळला जातो. भुसावळ अकोल्याच्याही उत्तरेस असल्याने गाडीला तेथून पुन्हा आग्नेयेकडे उतरावे लागते.

उड्डाणकाळ

एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे ५०० किमी वेगाने उडते. या वेगाने ४७५ किमीला तासाभराहून कमी वेळ लागावा. तथापि धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी क्रमाची वाट पाहणे यांमुळे वेळ वाढतो. १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालेल्या अमरावती (बेलोरा)–मुंबई विमानसेवेचे हवाई अंतर सुमारे ५४० किमी असून वेळापत्रकात तिला सुमारे पावणेदोन तास दिले होते.

प्रत्यक्ष प्रवासकाळ

अकोल्यातील जठारपेठेतून निघालेल्या प्रवाशाला बेलोरा गाठण्यासाठी रस्त्याने सुमारे १०० किमी, तेही मुंबईच्या विरुद्ध दिशेने, जावे लागते. त्यासाठी साधारण दोन तास, विमानतळावरील तपासणीसाठी किमान एक तास, उड्डाणाचे पावणेदोन तास आणि मुंबईत सामान घेऊन बाहेर पडण्याचा वेळ धरता एकूण पाच तासांहून अधिक होतात. नागपूरमार्गे गेल्यास आधी सुमारे २५० किमी पूर्वेकडे जावे लागते. रेल्वेला नऊ ते अकरा तास लागत असले, तरी स्थानक शहरातच आहे व प्रवास रात्री झोपेत होतो. मुंबईत उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र हा फरक महत्त्वाचा ठरतो. शिवणीची धावपट्टी मोठ्या विमानांसाठी अपुरी असून तिच्या विस्ताराचा प्रश्न लगतच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी निगडित आहे.