दोन दारांच्या दोन मोटारी

नवा रायपुरातील रुंद, सरळ रस्ते पाहिले की दोन दारांच्या वेगवान मोटारीचा मोह पडतो. जुनी घेऊ पाहणाऱ्यास आपल्याच बाजूची दोन नावे आठवावीत: १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात घडलेली सॅन स्टॉर्म आणि दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलेली, पुढे पुण्याजवळ बांधली गेलेली डीसी अवंती. दोहोंचे इंजिन रेनॉचे. स्टॉर्मचे सुमारे १.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. अवंतीचे २ लिटरचे, टर्बो बसविलेले, सुमारे २५० अश्वशक्तीचे, तेही बैठकीच्या मागे.

चौपट बळाने निवाडा झाला, असे मात्र नव्हे. स्टॉर्मचे अंग फायबरचे. ते गंजत नाही आणि म्हणूनच फसवते. आतले पोलाद खाऱ्या हवेने खाल्ले आहे काय, हे मोटार उचलून खालून पाहिल्यावाचून कळत नाही. शिवाय पंधरा वर्षे उलटल्याने तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. अवंती वयाने लहान; पण तिच्या इंजिनापर्यंत हात पोचणे कठीण, आणि टर्बोला जुने तेल मानवत नाही. वेळच्या वेळी तेल बदलल्याच्या पावत्या मी रंगाच्या चकाकीहून मोलाच्या मानीन. दोन्ही मोटारी थोड्याच बनल्या, तेव्हा पुढची काच फुटल्यास कोठून मिळेल, हेही विकणाऱ्यास विचारावे.

सांगाडा शाबूत असेल तर माझा कौल स्टॉर्मला. तिचे साधे इंजिन रायपुरातील कोणताही जाणता मिस्त्री उघडू शकेल. मात्र मूळ राज्याचे ना-हरकत पत्र हाती आल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत.